खाली राहून गेलेला आकडा

पत्र चार ओळींचं होतं आणि फार सभ्य होतं. दूरच्या कुठल्याशा संस्थेत काम करणाऱ्या, मी कधी न पाहिलेल्या एका गृहस्थांनी माझा गेल्या वर्षीचा लेख वाचला होता, आणि वाचून झाल्यावर सहसा कुणी करत नाही ते केलं होतं, म्हणजे माझा नऊ वर्षांपूर्वीचा लेखही शोधून शेजारी ठेवला होता. जुन्या लेखातले आकडे पाण्यातले. नव्या लेखातले आकडे एका नव्या द्रावकातले, ज्याचं पाण्याशी दुरूनही नातं नाही. 'दोन्ही तक्ते दुसऱ्या दशांशापर्यंत तंतोतंत जुळतात,' त्यांनी लिहिलं होतं. 'हा योगायोग असावा, की माझ्याच समजण्यात काही चूक होते आहे?' सभ्य माणसांची ही तऱ्हा मला ठाऊक आहे, मी स्वतः ती वापरते. चूक आधी आपल्या पदरात घ्यायची आणि मग हळूच समोरच्याच्या पुढ्यात सरकवायची. दोन वाजून सहा मिनिटं झाली होती. नुकताच डबा खाऊन झाला होता, दाढेत काहीतरी अडकलं होतं आणि जीभ मघापासून तिथे खटपट करत होती. ती थांबली. बाहेर कॉरिडॉरमध्ये कुणीतरी हसलं, पंखा फिरत होता, आणि मी तोंड अर्धवट उघडं ठेवून ते दोन तक्ते बघत बसले.

माझा धंदा सांगायला सोपा आहे, ऐकणाऱ्याला तो धंदा वाटत नाही एवढंच. इथिलीन, प्रोपीन, आयसोब्युटीन, बेंझिन असे साधेसुधे हायड्रोकार्बन घ्यायचे, त्यांच्यावर एक प्रोटॉन आणून बसवायचा, आणि तो बसायला किती ऊर्जा लागते ते संगणकावर काढायचं. प्रोटॉन म्हणजे ॲसिडचा जीव. त्याला एकट्याने राहवत नाही, कुणाच्या तरी गळ्यात पडल्याशिवाय चैन पडत नाही. भोवती पाणी असलं तर तो पाण्यालाच धरून बसतो, हायड्रोकार्बनकडे ढुंकूनही बघत नाही. भोवतीचा द्रावक त्याला फारसा थारा देणारा नसला तर मात्र तो समोर येईल त्या रेणूला चिकटतो. तो रेणू शेजारच्याला, शेजारचा त्याच्या शेजारच्याला, आणि प्रत्येक चिकटण्यागणिक उष्णता सुटते. गंमत अशी की माझ्या गणितात द्रावकाला रेणूच नसतात, त्याच्या नावाने फक्त एक आकडा असतो. पाण्याचा अठ्ठ्याहत्तर. त्या नव्या द्रावकाचा नऊ. नवं गणित मांडताना आमच्यात कुणी कोऱ्या फाईलपासून सुरुवात करत नाही. जुनी फाईल कॉपी करायची, वरची ओळ बदलायची आणि चालवायला द्यायची, हा सगळ्यांचाच शिरस्ता. मी फाईल उघडली. वरच्या ओळीत नव्या द्रावकाचं नाव व्यवस्थित होतं. मी खाली गेले. अगदी तळाशी, दोन रिकाम्या ओळी सोडून, नऊ वर्षांपूर्वी मीच हाताने टाइप केलेला आकडा होता, अठ्ठ्याहत्तर पॉइंट चार. खाली आकडा असला की प्रोग्रॅम वरचं नाव वाचून सोडून देतो आणि आकड्याचं ऐकतो. तक्रार करत नाही. म्हणजे वर्षभर मी ज्याला नवा द्रावक म्हणत होते, लेखात, व्याख्यानांत, लोकांच्या शंकांना नाक वर करून उत्तरं देताना, ते पाणी होतं.

लेखाचं एवढं काही नाही. लेखाची दुरुस्ती छापता येते, चार दिवस लोक कुजबुजतात, पाचव्या दिवशी त्यांना दुसरं कुणी सापडतं. पण या लेखातला एक आकडा उठून कारखान्यात गेला होता. माझा मोठा भाऊ एकतीस वर्षं रसायनांच्या कारखान्यात आहे, आता शिफ्टचा प्रमुख आहे. त्यांना या नव्या द्रावकात ॲसिड घालून आयसोब्युटीनचं दाट तेल करायचं होतं, आणि भांडं किती अंशांवर ठेवलं तर ते शांतपणे होईल हे कुणालाच नक्की माहीत नव्हतं. दादाने माझं नाव सुचवलं. वरच्या साहेबांनी कागदावरची केमिस्ट्री म्हणून तोंड वाकडं केलं तेव्हा भर बैठकीत तो म्हणाला होता, माझ्या बहिणीचा आकडा आहे, डोळे मिटून घ्या. हे त्यानेच मला नंतर सांगितलं, जरा लाजत, जरा मिरवत. मी गणित केलं आणि पस्तीस अंश सांगितलं. लहान भांड्यात तीन चाचण्या झाल्या, तिन्ही निमूट पार पडल्या. मागच्या रविवारी तो जेवायला आला तेव्हा म्हणाला, आता गुरुवारी दुपारी तीनला मोठं भांडं, पाच हजार लिटरचं. आज गुरुवार होता.

म्हणजे फोन करायचा, दुसरं काय. फोन कीबोर्डच्या उजव्या हाताला होता. दादा कामावर असताना मोबाईल लॉकरमध्ये ठेवतो, आत न्यायला बंदी आहे, हे मला ठाऊक होतं. कंट्रोल रूमचा नंबरही माझ्याकडे होता, त्यानेच लिहून दिलेला, पिवळ्या चिठ्ठीवर, मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला. एवढं सगळं हाताशी असताना मी फाईलमधला तळाचा आकडा खोडला, तिथे नऊ लिहिलं आणि आयसोब्युटीनचं गणित पुन्हा चालवायला दिलं. फक्त आयसोब्युटीनचं, बाकीचे नंतर बघता येतील. गणित दोन वाजून अकरा मिनिटांनी सुरू झालं. याला पन्नास मिनिटं लागतात. चूक आहे हे कळलंय, पण केवढी आहे हे कुठे कळलंय, मी स्वतःला समजावलं. कदाचित फरक चार अंशांचा निघेल, कदाचित काहीच निघणार नाही. आधी खात्री करू. पन्नास मिनिटं म्हणजे तीन वाजून एक मिनिट, आणि कारखान्यात कुठलंही काम तीन म्हटलं की सव्वातीनला सुरू होतं. असा सगळा हिशेब मी जुळवला, आणि आकडे जुळवण्यात तर माझा हात धरणारं कुणी नाही.

आधी खात्री, हे वाक्य बाबांचं. बाबा छापखान्यात मुद्रितं तपासायचे. मी सहा वर्षांची असताना एकदा ते आपल्या टेबलावरून उठून थेट मशीनवर धावत गेले होते, थांबवा, थांबवा म्हणून ओरडत. मशीन थांबलं, मालक जिना उतरून खाली आले, सगळे जमले, आणि बाबांनी ज्या ओळीवर बोट ठेवलं ती ओळ बरोबर निघाली. त्यांनीच घाईत चुकीची वाचली होती. तेवढ्यावरून त्यांचं नावच थांबवा पडलं. थांबवा आले का, थांबवांना चहा द्या, थांबवा आज गप्प गप्प का. कोपऱ्यावरचा वाणीसुद्धा त्यांना तेच म्हणायचा, आणि मला वाटतं त्याला त्यांचं खरं नाव माहीतच नव्हतं. पुढे पुढे खरी चूक दिसली तरी बाबा ती कुणाला सांगत नसत. कागद घरी आणायचे, आईला दोनदा वाचायला लावायचे, शब्दकोश काढायचे, आणि तोवर पुस्तक बांधून बाजारात गेलेलं असायचं. शाळेत मला थांबवाची मुलगी म्हणायचे. दादा चिडवणाऱ्या पोरांच्या अंगावर धावून जायचा, त्यापायी त्याच्या भुवईवर खोक पडली ती अजून दिसते. मी कुणाच्या अंगावर गेले नाही. मी ठरवलं की आपण तीनदा तपासल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. त्याला खोक मिळाली आणि मला पदव्या मिळाल्या, आणि त्या खोकेचा मला पुढे कितीतरी वर्षं हेवा वाटत आला आहे. हे मी त्याला कधी सांगितलेलं नाही.

स्क्रीनवर ओळी सरकत होत्या. प्रत्येक फेरीला ऊर्जा थोडी खाली उतरत होती. एरवी हे बघताना मला फार बरं वाटतं, सगळं आपोआप आपल्या जागी येतंय असं वाटतं. आज माझं लक्ष स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या घड्याळावर होतं. तेवढ्यात शेजारच्या खोलीतले सहकारी आत आले. त्यांना सगळे खडूबाबा म्हणतात, कारण अजूनही ते फळ्यावर खडूनेच लिहितात आणि त्यांच्या कोटाच्या खिशाला कायम पांढरा डाग असतो. त्यांना स्टेपलर हवा होता. स्टेपलर मिळाल्यावरही ते उभेच राहिले, त्यांच्या प्रयोगशाळेत सकाळी कसलीशी बाटली फुटली होती त्याची हकीकत सांगत. मला त्यांना घालवता आलं असतं. मी खुर्ची पुढे केली. खरं म्हणजे मला सुटल्यासारखं झालं होतं. समोर माणूस बसलेला असताना फोन करता येत नाही, हे कुणालाही पटण्यासारखं आहे. मी मध्ये मध्ये हसतसुद्धा होते. जाताना ते दारातून वळून म्हणाले, "तुमचं बरं आहे बाई. तुमच्या खोलीत काही सांडत नाही." मी म्हटलं, हो ना. ते गेले तेव्हा दोन वाजून तेहतीस मिनिटं झाली होती.

मग मला रविवार आठवला. म्हणजे आठवत होताच, पण त्यातला एक तुकडा मी मघापासून बाजूला ठेवत होते. आकडा चुकला होता तर त्या तीन चाचण्या निमूट कशा पार पडल्या, हा प्रश्न मला पत्र वाचल्यापासून पाचव्या मिनिटाला पडायला हवा होता, आणि तो पडला असणार. मी त्याच्याकडे कानाडोळा केला, कारण त्या तीन चाचण्यांच्या जोरावर तर मी खुर्चीत बसून राहिले होते. रविवारी दादा जेवताना कुरकुरत होता की तेल पातळ येतंय, निम्मा माल तसाच राहतोय, साहेब नाराज आहेत. मी त्याच्या ताटात वाढत होते. वाढता वाढता, अगदी सहज, म्हटलं, "तुमचा द्रावक ओला असणार. हवेतलं पाणी ओढून घेतो तो. नीट कोरडा करून घ्या, मग बघा." मला हुशारी दाखवायला आवडतं, विशेषतः हातात डाव असताना. तो जेवता जेवता थांबला आणि म्हणाला, शहाणे, हे आधी का नाही सुचलं तुला. लहानपणापासून तो मला शहाणेच म्हणतो. काल संध्याकाळी त्याचा निरोप आला होता: थेंबभर पाणी ठेवलं नाही. द्रावकाच्या पिंपात पाणी होतं म्हणून माझं पाण्यातलं गणित खरं ठरलं होतं. ॲसिडचा प्रोटॉन त्या पाण्याला धरून बसला होता, तीन वेळा, आणि त्या पाण्याने माझी अब्रू राखली होती. ते पाणी मीच काढायला लावलं.

आता शंकेला जागा नव्हती. गणित पुरं व्हायची गरज नव्हती, हे पहिल्या वर्षाच्या वर्गालाही कळलं असतं. मी फोन उचलला. पिवळ्या चिठ्ठीवरचे पहिले चार आकडे दाबले आणि मला ती कंट्रोल रूम दिसायला लागली, जी मी कधी पाहिलेली नाही: दादा, त्याच्याभोवती त्याची माणसं, कदाचित आज मोठा दिवस म्हणून वरचे साहेबही. दादा सगळ्यांसमोर फोन घेणार. सगळ्यांसमोर त्याला सांगावं लागणार की थांबवा. साहेब विचारणार, किती अंशांचा फरक आहे, आणि मी म्हणणार, अजून माहीत नाही. अजून माहीत नाही, तीस वर्षांच्या अभ्यासानंतर. फरक चारच अंशांचा निघाला तर दादा तोंडघशी पडणार आणि त्याला आयुष्यभर एक नाव चिकटणार. घरात ते नाव तयारच होतं. मी हे सगळं दादाच्या काळजीपोटी करते आहे असं मला त्या क्षणी मनापासून वाटलं. मी फोन खाली ठेवला. स्क्रीनवर जवळजवळ निम्म्या फेऱ्या झाल्या होत्या. तीनला पंचवीस मिनिटं होती, आणि ती पंचवीस मिनिटं मी काय केलं हे कुणी विचारलं तर मला नीट सांगता येईल: मी टेबलावरच्या पेन्सिली उंचीप्रमाणे लावल्या, दाढेतला तो कण नखाने काढला, सभ्य गृहस्थांना उत्तर लिहायला घेतलं आणि 'आपण दाखवलेल्या आस्थेबद्दल' इथे थांबले.

गणित तीन वाजून एका मिनिटाने पुरं झालं. प्रोटॉनला आयसोब्युटीनवर बसायला जो चढ चढावा लागतो तो निम्माही उरला नव्हता. असल्या कोरड्या द्रावकात पस्तीस अंश म्हणजे भांड्याला कुठलाच लगाम नाही. मी तो आकडा वाचला आणि, हे लिहायची लाज वाटते तरी लिहिते, पहिल्यांदा मला बरं वाटलं. खात्री झाली होती. मग मी फोन उचलला. नंबर दोनदा चुकला. तीन वाजून चार मिनिटांनी कुणीतरी 'कंट्रोल' म्हणालं, तरुण, उत्साही आवाजात, आणि मी दादाचं नाव सांगून मी त्याची बहीण बोलतेय म्हटलं.

"घरचं काही आहे का ताई? ते भांड्यापाशी आहेत. काम आटपलं की करायला सांगतो."

"घरचं नाही. आयसोब्युटीन बंद करा. आत्ता."

"कोण सांगतंय पण?"

"पस्तीस अंशांचा आकडा ज्या बाईने दिला ती मी. आकडा चुकलाय."

तो म्हणाला, "आम्ही ठरल्या वेळेच्या दहा मिनिटं आधीच सोडलं, मॅडम." ताईची मॅडम झाले हे मला तेवढ्यातही ऐकू आलं. रिसीव्हर टेबलावर आपटला आणि तसाच राहिला. त्यानंतर मला ती खोली ऐकू येत होती. त्याचे पाय धावत गेले, कुठेतरी घंटा वाजायला लागली, लोखंडी जिन्यावर पावलं, एकापेक्षा जास्त माणसांची. कुणीतरी काट्यावरचं तापमान मोठ्याने वाचत होतं. सत्तेचाळीस. एकावन्न. अठ्ठावन्न. आयुष्यभर मी आकडे वाचत आले, पण ते सगळे होऊन गेलेले आकडे होते, कागदावर येऊन बसलेले. हे आकडे अजून कुठे जायचे ते ठरलेलं नव्हतं. सहासष्ट. एकोणऐंशी. मग वाचणारा गप्प झाला. मग एक आवाज आला, फार मोठा नव्हता, प्रेशर कुकरची शिट्टी खूप लांबावी तसा, आणि तो थांबेना. त्याच्या आत एक माणूस ओरडत होता. तो दादा आहे की दुसरं कुणी हे मला ओळखता येईना. पन्नास वर्षं मी तो आवाज ऐकत आले, हाक मारताना, रागावताना, आईच्या दहाव्याला हुंदके देताना, आणि मला ओळखता येईना. मी रिसीव्हर कानाला इतका दाबला की कान दुखायला लागला. मी काहीही कबूल करायला तयार होते, कुणापुढेही, फक्त तो दादा नसू दे. तो दुसरं कुणी असू दे. हे मी मागितलं, अगदी याच शब्दांत.

तो दुसरा कुणी होता. तीन वाजून एकवीस मिनिटांनी रिसीव्हर उचलला गेला आणि दादाचा आवाज आला, घोगरा, धाप लागलेला. फिटर, तो म्हणाला. फिटर वर प्लॅटफॉर्मवर नट आवळत होता. दाब चढून भांड्याची सेफ्टी डिस्क फुटली आणि सगळं गरम ॲसिड त्याच्या बाजूला उडालं. चेहऱ्यावर आणि दोन्ही हातांवर. गाडी आत्ताच गेली त्याला घेऊन, डोळ्यांचं काही सांगता येत नाही. मी खुर्चीच्या कडेवर बसले होते. दादा म्हणाला की आम्ही सहा जण वरच होतो, त्याच्या शेजारी. कंट्रोलमधल्या पोराने तुझा फोन आल्याचं ओरडून सांगितलं तसे आम्ही खाली उतरलो. त्याला घंटेच्या आवाजात ऐकू गेलं नसणार.

"पाच मिनिटं उशिरा केला असतास तर आज मी नसतो बघ," दादा म्हणाला.

मी रडायला लागले. तो मला गप्प करायला लागला, लहानपणी करायचा तसा, शहाणे, शहाणे म्हणत, चुका सगळ्यांच्याच होतात, तू निदान सांगितलंस तरी. त्याच्या मागे कुणीतरी काहीतरी विचारलं. दादाने रिसीव्हरवर हात ठेवला, काढला.

"हे बघ, नोंदवहीत लिहावं लागतं सगळं. उद्या चौकशीला बसतील. आकडा चुकलाय हे तुझ्या लक्षात कधी आलं?"

स्क्रीनवर गणित संपल्याची ओळ होती आणि तिच्या वर, सुरू झाल्याची. दोन वाजून अकरा मिनिटं.

"आत्ताच," मी म्हणाले. "तीन वाजता."

मग दादा तिकडे कुणाला तरी सांगत होता, ठाम आवाजात, भर बैठकीत बोलला असेल तसा. "तीन लिही. तिच्या तोंडचं आहे, तपासायची गरज नाही."